बाईंच्या चिजा आणि कॉपीराइटचा अर्ज

बंदिशीचा, म्हणजे ठरावीक रागात आणि तालात बांधलेल्या रचनेचा, कॉपीराइट नोंदवता येतो का? येतो. वकील लावावाच लागतो का? नाही. खर्च किती? सरकारी फी एका कृतीला ५०० रुपये. एवढं सांगून मोकळं होता आलं असतं. पण आम्ही हे करायला बसलो तेव्हा गाण्याच्या माणसाला उपयोगी पडेल असं लिहिलेलं काही सापडेना. जे होतं ते सॉफ्टवेअर, लोगो आणि पटकथांबद्दल. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

बाई म्हणजे माझ्या गाण्याच्या बाई. जन्म १९५१चा, सोलापूरचाच. वडील गिरणीत टाइमकीपर होते. गाणं शिकल्या गावातल्याच एका बुवांकडे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत विशारद झाल्या, मुलींच्या शाळेत संगीत शिक्षिका म्हणून लागल्या आणि २००९ मध्ये तिथूनच निवृत्त झाल्या. नव्वदच्या दशकात अधूनमधून आकाशवाणीवर गायल्या, हुतात्मा स्मृती मंदिरात काही कार्यक्रम झाले. पुण्या-मुंबईच्या मैफलींत त्यांचं नाव कधी आलं नाही आणि त्याची त्यांना खंत असल्याचं मला तरी दिसलं नाही. पण या सगळ्या वर्षांत त्या चिजा बांधत राहिल्या. बंदिश हा शब्द त्या क्वचितच वापरतात, त्यांच्या तोंडी चीजच.

या चिजांत मुद्रा नाही, आणि सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते. शेवटच्या ओळीत रचनाकार आपलं टोपणनाव गुंफतो, तसं त्यांनी कधी केलं नाही. फैयाज खाँसाहेब 'प्रेमपिया', रातंजनकर 'सुजान', जगन्नाथबुवा पुरोहित 'गुणिदास'. जगन्नाथबुवांचे शिष्य सी. आर. व्यास हे आपल्या शेजारच्या उस्मानाबादेत १९२४ साली जन्मलेले, त्यांची मुद्रा 'गुणिजान'. ही नावं चिजेबरोबरच गळ्यागळ्यांतून फिरतात, कुणी विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाहीत. बाईंना विचारलं की म्हणायच्या, "चिजेत नाव घालायचं म्हणजे देवघराला आपल्या नावाची पाटी लावायची. नको बाई."

पाटी न लावल्याचा परिणाम फेब्रुवारी २०२५ मध्ये दिसला. एका स्पर्धेत एका मुलीनं मेघ रागातली झपतालाची चीज गायली, 'सूखी तलैया, बाट तके मेघ की'. निवेदकानं आधीच सांगितलं, "पारंपरिक बंदिश." ही चीज बाईंनी १९७२च्या दुष्काळात बांधलेली. मुलीला शिकवलं माझ्या एका गुरुभगिनीच्या विद्यार्थिनीनं, म्हणजे तीन पिढ्यांतच चीज पारंपरिक झाली! बाई शेजारीच बसल्या होत्या. "समेवर चांगली येते पोरगी," एवढंच म्हणाल्या. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. माझा मात्र जळफळाट झाला. घरी आल्यावर शोधलं तर तीच चीज इंटरनेटवरही दोन ठिकाणी, एकीकडे 'पारंपरिक' म्हणून आणि दुसरीकडे भलत्याच माणसाच्या नावावर.

एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाची बातमी आली. धृपद गाणाऱ्या डागर घराण्याची 'शिवस्तुती' ही रचना एका तमिळ चित्रपटाच्या गाण्यात वापरली, असा उस्ताद वासिफुद्दीन डागर यांचा दावा होता. २५ एप्रिलला एकल न्यायपीठानं त्यांच्या बाजूनं अंतरिम आदेश दिला. ही बातमी मी बाईंना वाचून दाखवली आणि म्हटलं, आपण निदान नोंदणी तरी करून ठेवू. "कशाला की," पासून "कर, पण मला फॉर्म भरायला लावू नकोस," इथपर्यंत यायला मे उजाडला.

मी बँकेत काम करते. कायद्याची भाषा वाचायची थोडी सवय आहे, त्यामुळे आधी कायदाच उघडला. कॉपीराइट कायदा १९५७चा. नोंदणी सक्तीची नाही. कृती तयार झाली की हक्क आपोआप मिळतो, तो रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. नोंदणीचा फायदा असा, की कलम ४८ प्रमाणे नोंदवहीतली नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा ठरते. कलम ५७ बाईंना सगळ्यात आवडलं. हक्क कुणाला विकून टाकले तरी 'ही कृती माझी आहे' असं म्हणण्याचा अधिकार रचनाकाराकडेच राहतो.

राग आणि ताल कुणाच्या मालकीचे नाहीत, तेव्हा मेघ किंवा झपताल नोंदवायचा प्रश्न येत नाही. त्या रागात, त्या तालात बांधलेली विशिष्ट रचना नोंदवता येते. आणि इथे पहिली अडचण आली. कायद्याच्या दृष्टीनं एका चिजेच्या दोन कृती होतात. कलम २ मध्ये संगीतकृतीची व्याख्या आहे, तीत संगीत आणि त्याचं स्वरलेखन येतं, पण त्याबरोबर गायचे शब्द येत नाहीत. शब्द ही वाङ्मयकृती. म्हणजे शब्दांचा अर्ज वेगळा आणि चालीचा वेगळा, फीही दोनदा. सुगम संगीतवाल्यांना यात नवल वाटणार नाही, त्यांच्याकडे कवी आणि संगीतकार वेगळेच असतात. ख्याल, म्हणजे आमचं शास्त्रीय गाणं, गाणाऱ्याला मात्र चिजेतले शब्द आणि स्वर असे सोलून काढायची सवय नसते.

जूनमध्ये वह्या काढल्या. बाईंचं घर जुळे सोलापूरला. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं हे सोलापूरकरांना सांगायला नको. "आज पाणी आहे, उद्या ये," असा निरोप आला की तो दिवस गेलाच. उरलेल्या संध्याकाळी कूलरसमोर पसारा मांडून बसायचो. चिजा कशावरही लिहिलेल्या. विमा कंपनीच्या डायऱ्या, शाळेच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, लग्नपत्रिका, एक तर चादरीच्या दुकानाच्या बिलावर. त्या बिलावर तारीख होती म्हणून मी त्यालाच सोन्यासारखं जपलं. तारखा महत्त्वाच्या, कारण 'कधी बांधली' याला बाईंचं उत्तर असायचं, "धाकटा पोटात होता तेव्हा," किंवा "बुवा गेले त्याच्या आदल्या वर्षी."

तुम्हीही हे करणार असाल तर एक सांगते, वह्या फाडू नका आणि पानं वेगळी काढू नका. डायरीतलं पान डायरीतच असलं तर छापील वर्ष त्याच्यासोबत राहतं. मी प्रत्येक पानाचा फोटो काढताना डायरीचं मुखपृष्ठही काढलं. कॅसेटचं तसंच. कॅसेटवरच्या चिठ्ठीवर बाईंच्या यजमानांनी तारीख आणि ठिकाण लिहिलेलं असायचं, त्यांचे उपकार. नवी पेठेत एक जण कॅसेट संगणकावर उतरवून देतो, एका बाजूचे १५० रुपये घेतले.

या वह्यांत तीन चिजा अशा निघाल्या, की मी यादीत चढवल्या आणि बाईंनी खोडल्या. एक बागेश्रीतली होती, फार सुंदर. मी म्हटलं, "अहो बाई, ही तर तुमच्याच अक्षरात आहे." म्हणाल्या, "शब्द माझे. मुखडा बुवांनी गुणगुणला होता, मी त्याच्यावर शब्द बसवले. चाल बुवांचीच." मी म्हटलं, अंतऱ्याची चाल तरी तुमची? त्यांनी अंतरा गाऊन पाहिला. मग पुन्हा गायला. "वरच्या सापर्यंत माझी. तिथून खाली उतरते ती बुवांची जागा आहे, ते असेच उतरायचे." कायद्यानं केलेली वाटणी मला आधी विचित्र वाटली होती, पण बाईंच्या डोक्यात ती याहून बारीक होती. त्या तिन्ही चिजांचे फक्त शब्द आम्ही संग्रहात घेतले, चाली बाजूला ठेवल्या.

आता स्वरलेखन. कायदा म्हणतो, संगीत रचणारा तो रचनाकार, मग त्यानं ते लिहून ठेवलेलं असो वा नसो. पण अर्जासोबत काहीतरी जोडायला हवं, तेव्हा आम्ही भातखंडे पद्धतीनं लिहायचं ठरवलं. कोमल स्वराखाली रेघ, मंद्राला, म्हणजे खालच्या सप्तकातल्या स्वराला खाली टिंब, तार, म्हणजे वरच्या सप्तकातल्या स्वराला वर टिंब, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, असेल तर वर कमान. संगणकावर टाइप करायचा नाद मी लवकरच सोडला. टिंबं जागेवर बसत नाहीत आणि एका मात्रेत दोन स्वर आले की सगळी रांग सरकते. मोठे चौकोन असलेली वही घेतली, दहा मात्रांचे रकाने पाडले, २-३-२-३ असे विभाग केले, काळ्या पेनानं लिहून स्कॅन केलं. ते स्वच्छ दिसतं आणि कुणाला वाचायलाही सोपं जातं.

खरी कसरत मेघाच्या रिषभापाशी, म्हणजे 'रे'पाशी झाली. हा रिषभ मध्यमाचा कण, म्हणजे 'म'चा ओझरता स्पर्श, घेऊन झुलत येतो, तोच तर मेघाचा प्राण. 'तलैया'च्या 'लै'वर बाई तो अडीच मात्रा झुलवतात. कागदावर आला नुसता 'रे' आणि पुढे दोन रेघा. मी वर बारीक 'म' लिहिला, कमान काढली. बाईंनी चष्मा वर करून पाहिलं, म्हणाल्या, "हे बघून कुणी गायलं तर वृंदावनी सारंग गाईल." दोन्ही रागांत गंधार-धैवत, म्हणजे 'ग' आणि 'ध', नाहीत, तेव्हा टोमणा बरोबरच होता. शेवटी त्या रिषभाखाली तळटीप दिली. आणखी एक, अंतऱ्याची दुसरी ओळ बाई दोन तऱ्हांनी गातात. कोणती लिहू? "मूडवर असतं गं ते." मूड नोंदवता येत नाही, हे त्यांना पटवायला वेळ लागला. एक मुख्य पाठ लिहिला आणि दुसरा खाली पाठभेद म्हणून दिला. प्रत्येक चिजेसाठी हा वाद झाला आणि खरं सांगायचं तर या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त शिकायला तिथंच मिळालं.

सगळ्या चिजांचे दोन-दोन अर्ज करायचे तर खर्च हाताबाहेर जाणार होता. बाईंची एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात वकिली करते, तिला फोन करून विचारलं. तिनं एक गोष्ट लक्षात आणून दिली. अर्जात कृती प्रकाशित की अप्रकाशित असा रकाना असतो आणि प्रकाशित म्हणजे फक्त छापलेली असं नाही, लोकांपर्यंत पोचवलेली कृतीही त्यात येते. मंचावरून गायलेली चीज अप्रकाशित लिहिणं बरोबर नाही. म्हणून आम्ही असं केलं. ज्या पाच चिजा मंचावर गायल्याचा तारखेसकट पुरावा होता त्यांचे शब्द आणि चाल असे दहा अर्ज, आणि वर्गाबाहेर कधी न गेलेल्या चिजांच्या शब्दांचा एक संग्रह म्हणून अकरावा. एकूण ५५०० रुपये. त्याआधी एका एजंटानं फोनवर 'एका गाण्याचे आठ हजार, सगळं आम्ही बघतो' असं सांगितलं होतं. फी किती आहे ते संकेतस्थळावर लिहिलेलं असतं, आधी ते पाहा.

४ ऑगस्टला, श्रावणी सोमवारी, अर्ज भरले. कॉपीराइट कार्यालय दिल्लीत द्वारकेला आहे, पण जायची गरज नाही, सगळं ऑनलाइन होतं. खातं बाईंच्या नावानं, त्यांच्या मोबाइलवर आणि त्यांच्यासाठी नवीन उघडलेल्या ईमेलवर काढलं. माझ्या किंवा सायबर कॅफेवाल्याच्या ईमेलवर नाही. पुढची सगळी पत्रं त्याच पत्त्यावर येतात, हे विसरू नका. फॉर्म १४ भरायचा, त्याला जोडून कृतीचा तपशील आणि अधिकचा तपशील अशी दोन विवरणपत्रं. अधिकच्या तपशिलात कृती मूळ आहे की भाषांतर किंवा रूपांतर, ते विचारतात. चालीच्या अर्जात 'लेखक' या जागी रचनाकाराचं नाव येतं. शीर्षक म्हणून चिजेची पहिली ओळ दिली, भाषा हिंदी लिहून कंसात ब्रज. अर्जदार आणि रचनाकार एकच, त्यामुळे ना-हरकत पत्राची भानगड नव्हती. रचनाकार वेगळा असेल तर त्याचं ना-हरकत पत्र लागतं. सही पांढऱ्या कागदावर, ठसठशीत. बाईंनी पुढे 'बी.ए., संगीत विशारद' असंही लिहिलं होतं, ते कापून घेतलं.

पैसे भरले की डायरी क्रमांक मिळतो. तो लगेच कुठंतरी उतरवून ठेवा, पुढे अर्जाची स्थिती त्याच्यावरच कळते. त्यानंतर तीस दिवस काहीच होत नाही आणि ते तसंच असतं. कुणाला हरकत घ्यायची असेल तर त्यासाठी हा काळ ठेवलेला आहे. या काळात बाई मला रोज विचारायच्या, "कुणी घेतली का गं हरकत?" त्या बहुतेक वाटच पाहत होत्या.

कुणी घेतली नाही. सप्टेंबरमध्ये अर्ज तपासणीला गेले. त्याच सुमारास सीनेला पूर आला, माढा-मोहोळकडची गावं पाण्याखाली गेली, आणि आम्ही इकडे दुष्काळातल्या मेघाची कागदपत्रं सांभाळत होतो. २४ सप्टेंबरला दिल्लीच्या त्या खटल्यात खंडपीठानं एप्रिलचा आदेश रद्द केला. मी निकालाबद्दलचं सगळं वाचून काढलं. मुद्दा असा होता, की एखादी रचना कुणी गायली, एवढ्यावरून ती त्यानंच रचली असं सिद्ध होत नाही. बाजू कुणाची खरी यात मी पडत नाही. पण चादरीच्या बिलावरची ती तारीख मी का जपली, हे बाईंना त्या दिवशी पटलं.

दिवाळीच्या तोंडावर ईमेलवर त्रुटीचं पत्र आलं. घाबरून जाऊ नका, त्रुटी म्हणजे नकार नव्हे. मुदत दिलेली असते, तेवढ्यात उत्तर द्यायचं. आमची अडचण बायकांची नेहमीची. मेघाची चीज १९७६च्या एका स्मरणिकेत छापलेली होती ती माहेरच्या नावानं, आणि आधार कार्ड सासरच्या नावाचं. लग्न १९७८चं, विवाह नोंदणीचा दाखला नाही. लग्नपत्रिका होती, पण तिच्यावर सासरचं बदललेलं नाव नव्हतं, बाईंचं नाव लग्नात बदललेलं. मग सुचलं सेवापुस्तक. सरकारमान्य शाळेत नोकरी करताना नाव बदललेल्या बाईच्या सेवापुस्तकात त्याची नोंद सहसा असते, बाईंच्या सेवापुस्तकात ती मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यासकट होती. बाईंनी निवृत्तीच्या वेळी त्याची झेरॉक्स काढून ठेवली होती. ते पान, स्मरणिकेचं पान आणि एक साधं स्पष्टीकरण जोडून उत्तर पाठवलं. दुसऱ्या एका अर्जात प्रकाशनाचं वर्ष एका ठिकाणी राहिलं होतं, तेही भरलं. तुम्ही सुरुवातीलाच दोन्ही नावांचा पुरावा जोडा, एक फेरी वाचेल.

नोव्हेंबर, डिसेंबर शांततेत गेले. स्थिती पाहायची, 'प्रक्रियेत' दिसायचं, बंद करायचं. प्रमाणपत्रं जानेवारीत आली, तीही एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं. पहिलं आलं तेव्हा गड्ड्याची यात्रा भरली होती आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे मला बाईंकडे पोचायला लांबचा वळसा पडला. बाईंनी प्रमाणपत्रावर आधी स्वतःच्या नावाचं स्पेलिंग तपासलं, मग 'म्युझिकल वर्क' या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "पण राग कुठं लिहिलाय?" राग लिहिलेला नाही. त्यांना ते अजून खटकतं.

त्यातलं एक घेऊन आम्ही स्पर्धेच्या आयोजकांना साधं पत्र लिहिलं. त्यांनी यंदाच्या पुस्तिकेत चिजेपुढे बाईंचं नाव छापलं, वाद घातला नाही. इंटरनेटवरच्या एका ठिकाणचं नाव बदललं गेलं, दुसरीकडून अजून उत्तर नाही. एवढं सगळं करून पैसे मिळतात का, असं काही जण विचारतात. आम्हाला आजवर एक रुपया मिळालेला नाही आणि बाईंनी तशी अपेक्षाही धरलेली नव्हती.

उरल्या बुवांच्या त्या तीन चाली. बुवा १९८४ मध्ये गेले, म्हणजे त्यांनी हयातीत गायलेल्या चालींवर २०४४ अखेरपर्यंत त्यांच्या वारसांचा हक्क. चौकश्या करत त्यांचा नातू हुबळीत सापडला. आजोबा गात होते हे त्याला माहीत होतं, चिजा बांधत होते हे नव्हतं. अर्ज त्याच्या नावानं करायचा की त्याच्याकडून ना-हरकत घ्यायची हे अजून ठरायचंय. त्याला आधी आवाज ऐकायचा आहे. बुवांची एकच कॅसेट बाईंकडे आहे आणि तिच्या दुसऱ्या बाजूला बाईंच्या नणंदेच्या लग्नातली सनई आणि पंगतीतला गोंधळ आहे. नवी पेठेतल्या माणसानं विचारलं, ती बाजू गाळू का. बाई म्हणाल्या, "असू दे की. आग्रह करून वाढणारा आवाज आहे ना, ते बुवाच आहेत."